बाबा, उद्या डोळे दाखवायला जायचंच आहे

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबा 'आईशी बोल' म्हणून सुटतात आणि आई 'तू नको काळजी करू' म्हणून विषय मिटवते, तेव्हा लिहितेच. उद्या सकाळी १० वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. विचारून घेतली असती तर पुढच्या महिन्यावर गेली असती, हे आपल्या तिघांनाही ठाऊक आहे.

काल व्हिडिओ कॉलवर बाबा डोळ्यावर हात धरून बसले होते आणि मागे आई पडदे ओढत होती. उजेड सोसत नाही, डोळा आतून ठणकतो, अक्षरं पुसट दिसतात. हे नुसते डोळे येणं नव्हे. बाबांसारखा कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची जुनाट सूज, असलेल्यांना डोळ्याच्या आतही सूज येऊ शकते, तिला युव्हायटिस म्हणतात. वेळेवर औषध मिळालं तर ती सहसा आटोक्यात येते, अंगावर काढली तर नजरेला कायमचा धोका. तेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर बघतील. पण केमिस्टने दिलेले थेंब घालत वाट बघायची नाही.

पोट तर शांत आहे, मग हे कुठून, असं म्हणाल. बाबा, तिथेच फसायला होतं. आजार आतड्याचा असला तरी साधारण तिघांतल्या एकाला तो कधी ना कधी बाहेरही दिसतो: सांधे, कातडी, तोंड, डोळे. मागे पोट बिघडलं तेव्हा नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी आल्या होत्या आणि आई डास चावले म्हणून मलम चोळत होती, आठवतं? त्या पोटाबरोबर आल्या नि पोटाबरोबर गेल्या. डोळा मात्र पोटाला विचारून येत नाही. कंबरही नाही.

कंबरेवरून आठवलं. लहानपणी सकाळी कितीही हट्ट केला तरी तुम्ही मला उचलून घ्यायचा नाहीत, आणि संध्याकाळी मी मागायच्या आत खांद्यावर. मला वाटायचं, बाबा सकाळी रागावलेले असतात. उठल्यावर आखडणारी आणि हिंडल्या-फिरल्यावर सुटणारी कंबर नुसत्या वयाची वाटत नाही हो. म्हणून पुढच्या आठवड्यात सांध्यांच्या डॉक्टरांचीही वेळ घेतली आहे. तेव्हा मी येतेय, रजा टाकली. पोट बिघडलं की सुजणाऱ्या गुडघ्याला मात्र घाबरू नका, असा पोटाबरोबर सुजणारा सांधा सहसा कायमचा खराब होत नाही.

आता ऐका. दुखतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलं काही घ्यायचं नाही, त्याने कोलायटिस उसळू शकतो. आई, त्या गोळ्यांची पट्टी तुझ्या पर्समधूनही काढ. कोलायटिसच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. एकच पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर मला नंतर कळवा, आधी दवाखान्यात जा, या आजारात रक्ताच्या गुठळीचा धोका जास्त असतो.

फाइल आणि कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासलं त्याचा, रिपोर्ट बरोबर घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना कोलायटिसचं आपणहून सांगा, बाबा संकोच करतील म्हणून आई तू सांग. बाथरूम दाराशेजारीच आहे, मी फोन करून विचारलं, बाबांनी निर्धास्त बसावं. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, मग काही तास धूसर दिसेल आणि उजेड जास्तच टोचेल, तेव्हा गॉगल घ्या. गाडी स्वतः चालवायची नाही. साडेनऊला टॅक्सी दाराशी येईल, पैसे भरलेत, त्यामुळे रद्द करून उपयोग नाही.

तुमची,
चिमी