विमान चुकलं की परतीचं तिकीटही जातं, हे आधी सांगा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रवास पुरवणीत स्वस्त विमान तिकिटांवर लेख आला होता, त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून पैसे कसे वाचवायचे ते छान सांगितलंय पण पहिलं विमान लेट झालं तर पुढे काय, यावर एक ओळही नाही, आणि माणूस अडकतो तो तिथेच, म्हणून हे पत्र.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) असतील आणि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर शेवटच्या ठिकाणी पोचवायची जबाबदारी सहसा कंपनीच घेते, जादा भाडं न घेता पुढच्या विमानात बसवतात. तिकिटं वेगळी काढली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही नुसते नो-शो, म्हणजे तिकीट असून न आलेले प्रवासी. पहिलं विमान धुक्यामुळे अडकलं होतं की तुम्ही घरीच झोपून राहिलात, त्यांना काही घेणंदेणं नाही. शिवाय बॅग मधल्या विमानतळावर स्वतः घेऊन परत चेक-इन करायची, आणि त्यासाठी इमिग्रेशनच्या बाहेर पडावं लागलं तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. हे कुणी आधी सांगत नाही.

पण मला सगळ्यात जास्त राग आहे तो परतीच्या तिकिटाच्या नियमाचा. माझ्या मावसभावाचं जातानाचं विमान चुकलं, त्याने तिथल्या तिथे दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं, गेला, कामं उरकली आणि परत यायला विमानतळावर पोचला तर काउंटरवर सांगितलं की तुम्ही जाताना आला नाहीत म्हणून परतीचं बुकिंगही कॅन्सल झालंय. पूर्ण पैसे भरलेलं तिकीट! नियम खरा आहे, बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं की तिकिटावरचे टप्पे क्रमानेच वापरायचे, एक गाळला की पुढचे सगळे रद्द. कंपन्या म्हणतात लोक भाडं वाचवायला मुद्दाम टप्पे गाळतात. गाळत असतील, पण ज्याचं विमान खरंच चुकलं त्याला लबाडांच्या रांगेत कशाला उभं करायचं? वेब चेक-इनचे मेसेज येतात, जादा पैसे देऊन सीट निवडा म्हणून येतात, मग तुमचं परतीचं तिकीट रद्द होतंय, हवं असेल तर आत्ता कळवा, एवढा एक मेसेज पाठवायला काय हरकत आहे?

म्हणून वाचकांना कळकळीने सांगतो, ट्रॅफिकमध्ये अडकलात आणि पोचत नाही असं दिसलं की विमान सुटायच्या आत कंपनीला फोन करा नाहीतर ॲपवरून तिकीट बदला. सुटण्याआधी केलेला बदल हा बऱ्याचदा फी आणि भाड्यातला फरक भरून होतो, सुटल्यावर मात्र नो-शो लागतो आणि स्वस्त तिकिटाचं भाडं बहुतेक वेळा बुडतंच. परतीचं तिकीट ठेवा हे त्याच फोनवर सांगून लेखी मेल मागून घ्या. भाडं बुडालं तरी न वापरलेल्या तिकिटातले विमानतळाचे कर परत मागा, बऱ्याच कंपन्या देतात, पण मागितल्याशिवाय सहसा नाही.

स्टँडबायबद्दलही, म्हणजे जागा रिकामी राहिली तर मिळेल अशा वेटिंगबद्दलही, फार गैरसमज आहेत. यादीत नाव लागलं म्हणजे सीट मिळाली असं नाही, कन्फर्म प्रवासी न आल्यामुळे जागा उरल्या तरच नंबर लागतो, आणि क्रम नुसत्या आधी येण्यावर नसतो, भाड्याचा प्रकार आणि कंपनीचं मेंबरशिप कार्डही बघतात. काही ठिकाणी थोडक्या वेळाने विमान चुकलेल्या प्रवाशाला पुढच्या विमानाच्या स्टँडबायवर घेतात, पण तो कंपनीचा रिवाज झाला, हक्क नाही, त्यामुळे नीट बोलून विचारा आणि गेटपासून हलू नका, नाव पुकारल्यावर फार वेळ थांबत नाहीत.

नियम प्रवाशाच्या बाजूने करता येतात. युरोपियन युनियनच्या 261/2004 या नियमानुसार एका बुकिंगवरचं पुढचं विमान कंपनीमुळे चुकलं आणि शेवटच्या ठिकाणी 3 तास किंवा जास्त उशीर झाला तर अंतराप्रमाणे 250 ते 600 युरो भरपाई मागता येते. हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ही भरपाई मिळत नाही, तरी विमान रखडलं की जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल द्यावंच लागतं.

आपल्याला विनंती एवढीच, त्या लेखाला जोडून ही दुसरी बाजूही छापा. आणि कंपन्यांनी नो-शोचा नियम पैसे भरायच्या आधी, त्याच स्क्रीनवर, ठळक अक्षरात आणि प्रवाशाला कळेल अशा भाषेत दाखवावा, यासाठी आपल्या पेपरने आवाज उठवावा.

आपला,
एक नियमित वाचक