फोनवर अर्धवट राहिलेलं उत्तर

प्रिय पक्या,

परवा तू फोनवर विचारलंस की पन्नाशी आली तरी तुझी ती उद्याच्या जगाची थ्रिलर्स सुटत नाहीत, असतं काय एवढं त्यात? मी बोलणार तेवढ्यात तुझ्या वीज सबस्टेशनच्या कंट्रोल रूममधून कोणीतरी हाक मारली आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून ते उत्तर डोक्यात घोळतंय, मेसेजमध्ये काही मावणार नाही, म्हणून हे पत्रच टाइप करायला बसलोय. नाईटला निवांत वाच.

स्पेसशिप, परग्रहावरची माणसं, हजार वर्षांनंतरचं जग, यात मला फारसा रस नाही हे तुला माहितीय. मला ओढ लागते ती ज्या गोष्टीत सगळं आजच्यासारखंच असतं, तोच टपरीवरचा चहा, तीच ८.२२ ची फास्ट, तोच भाजीवालीच्या गाडीवरचा क्यूआर कोड, आणि फक्त एकच गोष्ट पाच-दहा वर्षांनी पुढे सरकलेली असते. मग त्या एका गोष्टीपायी बाकीचं सगळं हलायला लागतं. मंगळावर यान कोसळलं की मी पान उलटतो, पण चेकनाक्याचे सिग्नल एकाएकी बंद पडले आणि ते कोणीतरी मुद्दाम केलंय असं कळलं की पोटात गोळा येतो.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतो? तुला तर आठवणारच. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जिथल्या तिथे थांबल्या. आमच्याकडे पंखा थांबला आणि एक-दोन मिनिटांत शेजारून टीं टीं टीं असा आवाज यायला लागला. शेजारचे आजोबा कोविडमधून उठले होते, घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते, आणि ते मशीन वीज नाही म्हणून ओरडत होतं. आजी दारात उभ्या, हातात आजोबांची फाईल, तोंडातून शब्द फुटेना. लिफ्ट बंद, फोन लागेना, मी सहा मजले उतरून तीन बिल्डिंग पलीकडे एकांकडे सिलेंडर आहे असं ऐकलेलं तिकडे धावलो आणि आमचा वॉचमन न् मी तो सिलेंडर एकेक पायरी टेकवत वर आणला. जिन्यात अंधार होता आणि प्रत्येक मजल्यावर तो आवाज जवळ येत होता. आजोबा वाचले. पण त्या दिवसापासून मी भिंतीतल्या प्लगकडे पूर्वीसारखं बघू शकलेलो नाही.

नंतर वाचलं की कळवा-पडघा मार्गावरची विजेची एक लाईन दुरुस्तीला बंद होती आणि दुसरीने घात केला. आणि ते आयलंडिंग, जे तूच मला एकदा नाशिकरोडच्या फलाटावर पेपर नॅपकिनवर काढून समजावलं होतंस, की राज्याची ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, कोसळली तर मुंबई आपोआप बाजूला होते आणि ट्रॉम्बेसारख्या जवळच्या वीजकेंद्रांवर तगून राहते, ते काही त्या दिवशी टिकलं नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला आणि केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की मानवी चूक होती. या दोन वाक्यांच्या मधे जी जागा आहे ना पक्या, माझी थ्रिलर्स तिथे राहतात. काय झालं असेल यापेक्षा काय होऊ शकलं असतं, हे कोणीतरी नीट अभ्यास करून, एकेक वायर तपासून लिहिलेलं मला वाचायचं असतं.

आणि हे खूळ काही इंग्रजी पुस्तकांतून आलेलं नाही. शाळेत असताना नारळीकरांची 'हिमप्रलय' वाचली होती, मुंबईत बर्फ पडतो ती. घामाघूम होऊन वाचत होतो मी, मे महिना, पंखा एकवर, आणि त्या पानावर आपल्या मुंबईत बर्फ. लंडनमध्ये पडला असता तर मला काय त्याचं? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी टोपणनावाने कथा पाठवली होती आणि पहिला नंबर काढला होता, एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्या भाषेत आपल्या गावावर लिहितो याचं तेव्हा कौतुक कळायचं वय नव्हतं. मे २०२५ मध्ये सर गेले त्या रात्री ती कथा पुन्हा काढून वाचली. अजून थंडी वाजते.

चिडचिड पण होते बरं का. अर्ध्या पुस्तकांत हीरो अंधाऱ्या खोलीत बसून दोन मिनिटं टकटक करतो आणि शहर वाचतं. आणि कंट्रोल रूममधला माणूस, म्हणजे तू, दहाव्या पानावर मरतो, त्याला नाव पण नसतं! याचा मला खरंच राग येतो. शहर उभं असतं ते त्याच माणसाच्या जिवावर, त्याला काय दिसतं, कशाचा संशय येतो, साहेबाला झोपेतून उठवायचं की नाही हे तो कसं ठरवतो, खरी धडधड तर तिथे आहे. बंदुका लागतच नाहीत.

ते स्टक्सनेट घे, कारखान्यातली यंत्रं बिघडवणारा कॉम्प्युटर व्हायरस. २०१० मध्ये उघडकीला आलं. इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजचा, म्हणजे युरेनियमसाठी गरागरा फिरणाऱ्या यंत्रांचा, वेग ते बिघडवत होतं, पेन ड्राइव्हमधून आत शिरलं असं मानतात, आणि त्याची सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे ते आधी रेकॉर्ड करून ठेवलेली नॉर्मल रीडिंग्ज स्क्रीनवर दाखवत राहायचं. म्हणजे आत मशीन फाटतंय आणि बाहेर बसलेल्या माणसाला सगळं आलबेल. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझाच चेहरा डोळ्यांपुढे आला, रात्री तीनला स्क्रीनसमोर चहा घेऊन बसलेला.

तर आता मुद्द्यावर येतो, हसू नकोस. मी एक कथा लिहायला घेतलीय. साल २०३१, जुलै, भरतीची वेळ, मुंबईत धो धो पाऊस. भरती मोठी असली की समुद्राचं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून नाल्यांच्या तोंडाची गेट्स बंद करतात आणि पावसाचं पाणी पंपांनी बाहेर फेकतात, म्हणजे त्या दोन-तीन तासांत शहर अक्षरशः पंपांच्या विजेवर तरंगत असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, तेव्हा आपण दोघं कुर्ल्याहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आलो होतो, ते वर्णन मी तसंच्या तसं घातलंय, तुझी हरवलेली चप्पलसुद्धा. माझ्या कथेत त्या रात्री सबस्टेशनच्या स्क्रीनवर सगळे आकडे बरोबर आहेत. एका रिटायरमेंटला आलेल्या ऑपरेटरला मात्र ते पटत नाही.

का पटत नाही, इथेच मी पंधरा दिवस अडकलोय. तू अजून दर तासाला रीडिंग हाताने लॉगशीटमध्ये लिहितोस का? यार्डात फेरी मारताना ट्रान्सफॉर्मरचा हम बदलला तर जुन्या माणसाला नुसत्या कानाने कळतं का, आणि भर पावसात पण ऐकू येतं? स्क्रीन एक सांगतेय आणि कान दुसरंच, तर तू कोणाचं ऐकशील, आणि साहेबांना न विचारता लोड तोडायची, म्हणजे एखाद्या भागाची वीज बंद करायची, तुझी हिंमत होईल का? खरं सांग, कथेत शोभेल असं नको.

शनिवारी संध्याकाळच्या पंचवटीने निघतोय. वहिनींना सांग जेवण साधंच करा. आणि जमलं तर तुझी एखादी जुनी भरलेली लॉगशीट दाखव, मला ते अक्षर बघायचंय.

तुझा,
सुन्या