सालाहला मिळालेली चिठ्ठी

महोदय,

आपल्या क्रीडापानावर इजिप्तचा फुटबॉलपटू मोहम्मद सालाह याच्याविषयी आलेला लेख वाचनीय होता; मात्र खेड्यातल्या एका मुलाने केवळ जिद्दीच्या बळावर युरोप जिंकला, हा त्यातील सूर मला, एका निवृत्त शिक्षकाला, अपुरा वाटला.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील नगरिग या गावी 1992 साली जन्मलेला सालाह किशोरवयात कैरोच्या अल मोकावलून क्लबात दाखल झाला. आठवड्यातून पाच दिवस, तीन-चार आणि कधी पाच बस बदलून जायला चार-साडेचार तास लागत, परतीलाही तितकेच. हे सगळीकडे छापून येते. पण त्यानेच मुलाखतीत सांगितलेला एक तपशील सहसा कोणी उचलत नाही : तो सकाळी सात ते नऊ एवढाच वेळ शाळेत बसे, आणि सरावासाठी त्याला लवकर सोडावे असे अधिकृत पत्र शाळेकडे असल्यामुळे नऊच्या सुमारास बसला लागू शके. याची किंमतही होती. आपण फुटबॉलपटू झालो नसतो तर फार अवघड झाले असते, अशी कबुली तोच देतो.

पुढची वाटही सरळ नव्हती. फेब्रुवारी 2012 मध्ये पोर्ट सईदच्या स्टेडियममध्ये सामन्यानंतरच्या हिंसाचारात सत्तरहून अधिक माणसे मेली आणि इजिप्तची फुटबॉल लीगच थांबली. त्यानंतरच्या महिन्यात बाझेल या स्विस क्लबाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात उत्तरार्धात उतरून त्याने दोन गोल केले आणि त्याच क्लबाने त्याला स्वित्झर्लंडला नेले. तेथून 2014 मध्ये तो लंडनच्या चेल्सी क्लबाकडे गेला, तेव्हा वाट्याला बहुतेक राखीव बाक आला आणि एकूण दोनच गोल झाले. इटलीत फ्लोरेन्स आणि रोम येथील क्लबांत तो पुन्हा उभा राहिला. 2017 मध्ये लिव्हरपूलला आल्यावर पहिल्याच हंगामात त्याने प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल स्पर्धेत 32 गोल केले. चेल्सीतल्या दिवसांवरून त्याला कायमचे निकालात काढणारे तेव्हा कमी नव्हते.

हे लिहिण्यामागे माझा एक अपराध आहे. जिंतूर तालुक्यात शिकवत असताना आमचा एक आठवीतला विद्यार्थी फुटबॉलच्या सरावासाठी परभणीला जायचा. चारच्या एसटीने गेला तरच मैदानावर उजेड असताना पोहोचे, म्हणून तो शेवटचे दोन तास बुडवी. वर्गशिक्षक या नात्याने मीच त्याच्या वडिलांना बोलावून हजेरीचा धाक दाखवला. विद्यार्थी पास फक्त गाव ते शाळा एवढाच असल्याने परभणीचे पूर्ण तिकीट वडिलांच्याच खिशातून जात होते. त्यांना निमित्तच मिळाले. दिवाळीनंतर मुलगा मैदानावर गेला नाही.

तो सालाह झाला असता, असा माझा दावा नाही. परंतु स्पर्धा खेळल्यावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण देणारे आपले शासन, त्या स्पर्धेपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा रोजचा दीड-दोन तासांचा वेळ मात्र मुलाच्या नशिबावर सोडते. मराठवाड्यात मैदान आणि प्रशिक्षक बहुधा जिल्ह्याच्या गावी, तर मुले चाळीस-पन्नास किलोमीटरवर. सालाहच्या शाळेकडे होते तसे, सरावासाठी लवकर सोडण्याचे पत्र जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या सहीने शाळेला देण्याची आणि त्याच पत्रावर सरावाच्या गावापर्यंत एसटीचा सवलत पास देण्याची सोय व्हावी, तसेच बुडालेले तास रविवारी भरून घेण्याची मुभा मुख्याध्यापकांना असावी, ही विनंती आपल्या दैनिकाने संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
जिंतूर, जि. परभणी