गच्चीची किल्ली घेऊन वर आलेल्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न.

इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि आपण सगळे पांगलो. तुम्ही पुण्याला लेकीकडे, आम्ही ठाण्याला. तुमचे आभार मानायचे आहेत आणि तुमच्या एका प्रश्नाचं उत्तरही द्यायचं आहे. दोन्ही इथे, चारचौघांत.

2019 चा जुलै. गुरुपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती आणि मुलुंडला पावसाने जरा उघडीप दिली होती. गच्चीची किल्ली सेक्रेटरी म्हणून तुमच्याकडे. एकाएकी उजळलेला एक तारा पाहायचा म्हणून मी रात्री उशिरा बेल वाजवली, तर नुसती किल्ली हातात न देता तुम्ही पायांत चपला सरकवून माझ्यासोबत वर आलात. वॉचमनला हाक मारून टाकीवरचा हॅलोजन बंद करवलात. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत, एवढं मी म्हटलं मात्र, तुम्ही खाली जाऊन गणपतीच्या डेकोरेशनच्या पेटीतला लाल जिलेटीन कागद आणलात आणि माझ्या टॉर्चवर रबरबँडने बसवून दिलात.

ऐरोलीच्या बाजूला ढगांच्या फटीत डेनेब, हंस तारकासमूहातला ठळक तारा, दिसत होता. तिथून थोडं पूर्वेला सरकल्यावर तो तारा सापडला. तुम्ही दुर्बिणीला डोळा लावलात आणि म्हणालात, "अरे, हे तर नुसतं टिंब आहे. यात एवढं काय?"

काकू, ते टिंब काही दिवसांपूर्वीपर्यंत आपल्या दुर्बिणीतून दिसणं शक्यच नव्हतं. एरवी तो तारा सतराव्या प्रतीहूनही अंधूक असतो. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक.) 12 जुलैला जपानचे हौशी निरीक्षक हिदेओ निशिमुरा यांना तो एकदम नवव्या प्रतीच्या आसपास उजळलेला दिसला. पाच प्रती म्हणजे शंभर पट, तेव्हा हा फरक हजारो पटींचा झाला. (2023 मध्ये गाजलेला निशिमुरा धूमकेतूही यांनीच शोधला.)

मुळात ते एक टिंब नाही, जोडी आहे. एक श्वेतबटू, म्हणजे विझत आलेल्या ताऱ्याचा उरलेला लहानसा, दाट गाभा, आणि त्याचा हलका सोबती. कल्याणची स्लो लोकल सीएसएमटीला पोचेपर्यंत त्यांची एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण होते, इतके ते जवळ आहेत. सोबत्याकडून ओढलेला वायू श्वेतबटूभोवती तबकडीसारखा साठत राहतो. वर्षानुवर्षं साठला की तबकडी तापते, तिच्यातला हायड्रोजन आयनित होतो (अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात) आणि साठलेला वायू भराभर आत कोसळू लागतो. आपण पाहिला तो हा उजेड. श्वेतबटू शाबूत राहतो आणि तबकडी पुन्हा भरू लागते.

अशा ताऱ्याचे पहिले दिवस फार मोलाचे. जपानमध्ये उजाडतं तेव्हा आपल्याकडे अजून रात्र असते आणि युरोपात जेमतेम अंधार पडत असतो. मधली वेळ भारताची, आणि जुलैत भारतावर ढग. म्हणून त्या फटीचं मला एवढं अप्रूप होतं. शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून पाहिलं. एकापेक्षा फिका, दुसऱ्यापेक्षा ठसठशीत. मी सांगत गेलो आणि तुम्ही लाल उजेडात माझ्या वहीत वेळ आणि अंदाज लिहीत गेलात. नोंद अमेरिकेतल्या, 1911 पासून रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी जपणाऱ्या एएव्हीएसओ या संस्थेकडे पाठवली. जेसोरच्या (आता बांगलादेशात) राधागोबिंद चंद्र या हौशी निरीक्षकांनी 37,000 हून अधिक नोंदी याच संस्थेला दिल्या होत्या. त्यांच्यापुढे आपली नोंद केवढीशी, पण ती त्याच खात्यात जमा आहे.

तो तारा पुढे मावळला आणि पुन्हा पुन्हा उजळला. मुख्य उद्रेक ओसरल्यावर असे दोन महाउद्रेक (नेहमीपेक्षा मोठे आणि लांबलेले उद्रेक) या जातीच्या ताऱ्यात प्रथमच दिसले, असं 2020 च्या शोधनिबंधात आलं आहे. आता त्याला व्ही3101 सिग्नी हे कायमचं नाव मिळालंय.

निरीक्षणाच्या तक्त्यात फक्त माझा कोड आहे. वही धरणाऱ्यासाठी रकाना नाही. म्हणून हे पत्र. काकू, मनापासून आभार.

हंसातच एसएस सिग्नी नावाचा तारा आहे, 1896 मध्ये लुइसा वेल्स यांनी शोधलेला. तो साधारणपणे दीड-दोन महिन्यांनी बाराव्या प्रतीवरून आठव्यापर्यंत चढतो. दिवाळीनंतर ठाण्याला या. तेव्हा उजळलेला असला, तर पहिला डोळा तुम्ही लावायचा.

तुमचा,
चौथ्या मजल्यावरचा दुर्बीणवाला