कॅटेगरीतल्या मेथडच्या नावाआधी प्रीफिक्स हवाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत ‘ऑब्जेक्टिव्ह-सी आता शिकण्यात अर्थ नाही’ असा सल्ला वाचला. ऑब्जेक्टिव्ह-सी ही आयफोन अ‍ॅप्सची जुनी प्रोग्रामिंग भाषा. २०१४ साली स्विफ्ट ही नवी भाषा आली हे खरं. पण बेळगावात बसून आयफोनची जुनी अ‍ॅप्स सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांचा अर्धा दिवस आजही ऑब्जेक्टिव्ह-सीतच जातो. तिथली कॅटेगरी, म्हणजे आधीच्या क्लासला नवी मेथड (नाव दिलेलं काम) जोडायची सोय, नीट शिकवली नाही तर काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

एनएसस्ट्रिंग हा स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराच्या तुकड्याचा, क्लास (साचा) अ‍ॅपलचा. त्याचा सोर्स (मूळ कोड) हातात नसतानाही कॅटेगरी लिहून त्यात आपली मेथड घालता येते, सबक्लास, म्हणजे त्यावर बेतलेला वेगळा क्लास, करावा लागत नाही. मग अ‍ॅपमधली प्रत्येक स्ट्रिंग, अगदी अ‍ॅपलच्या कोडने बनवलेलीसुद्धा, ती मेथड ओळखते. नवा इन्स्टन्स व्हेरिएबल, म्हणजे माहिती साठवायचा नवा कप्पा, मात्र घालता येत नाही.

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याचं अ‍ॅप माझ्याकडे आहे. एनएसस्ट्रिंगवर मराठी अंक देणारी ‘लोकलडिजिट्स’ ही मेथड त्यात पूर्वीपासून होती. पुढे कन्नड पट्ट्यांसाठी (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या पावत्यांसाठी) बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांचा तयार कोड, जोडली गेली. तिच्यातही त्याच क्लासवर त्याच नावाची मेथड, पण कन्नड अंक देणारी! कोड तपासून अ‍ॅप बनवणाऱ्या कंपायलरने चकार शब्द काढला नाही. अ‍ॅप सुरू होताना रनटाइम (भाषेची चालती यंत्रणा) दोन्ही कॅटेगरी क्लासला जोडतो, चालते मात्र एकच. कोणती, याची हमी भाषा देत नाही. ऐन हंगामात मराठी पट्ट्यांवर रकमा कन्नड अंकांत उमटल्या. सीमाभागात पुष्कळांना दोन्ही लिपी येतात, त्यांचं भागलं. पण ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना फक्त मराठी आकडे कळतात, त्यांनी पट्टी घ्यायलाच नकार दिला. रास्तच होतं ते. वर्षाच्या घामाची रक्कम वाचता आली नाही तर सही कशी करायची?

मेथडच्या नावाआधी प्रीफिक्स म्हणून आपली दोन-तीन अक्षरं आणि अंडरस्कोअर (_) लावला असता तर हे टळलं असतं. अ‍ॅपलही तेच सुचवतं. मूळ क्लासचीच मेथड कॅटेगरीतून बदलणं तर त्याहून धोक्याचं, कारण मग मूळ मेथडला हाक मारायला साधी वाट उरत नाही.

इथल्या कॉलेजांत आणि क्लासेसमध्ये आयओएस शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, स्विफ्टमधल्या अशाच सोयीबरोबर, एक्स्टेन्शनबरोबर, एक तास कॅटेगरीला द्या. आणि ज्या मुलांच्या हाती जुना प्रोजेक्ट येईल त्यांनी नावात अधिकचं चिन्ह (+) असलेल्या फाइली आधी उघडाव्यात. कॅटेगरी बहुधा तिथेच असतात.

आपला,
एक अ‍ॅप डेव्हलपर
वडगाव, बेळगाव