नेट बंद पडल्यावर आधी राउटर बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहा-पंधरा संगणकांच्या कार्यालयात नेट बंद पडले की कोणीतरी उठून राउटर बंद-चालू करतो आणि दुसरा कोणी सेवा पुरवठादाराला फोन लावतो. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर काम बहुतेकदा चालू होतेही. मात्र काय बिघडले होते हे सांगणाऱ्या खुणा त्याबरोबर पुसल्या जातात आणि तोच बिघाड काही दिवसांनी पुन्हा डोके वर काढतो. म्हणून बटणाला हात लावण्यापूर्वी नेट सर्वांचेच बंद आहे की एखाद-दोघांचे, एवढी चौकशी तरी करावी, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे.

सर्वांचे बंद असेल तर राउटर, मुख्य स्विच (संगणकांच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) किंवा बाहेरून येणारी लाइन यांवर संशय घ्यावा. एकाच संगणकाचे बंद असेल तर पुरवठादाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्या संगणकाची केबल नीट बसली आहे का आणि जोडणीजवळचा दिवा लागतो का, हे पाहून कमांड प्रॉम्प्टवर (विंडोजमधील आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा द्यावी. तिथे संगणकाचा नेटवर्कवरील आकडी पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, दिसतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्याने संगणकाने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे. असे पत्ते घेतलेल्या संगणकांना एकमेकांच्या फायली कधीकधी दिसतात, त्यामुळे 'आपले नेटवर्क तर ठीक आहे' असा गैरसमज होतो आणि शोध भलत्याच दिशेला जातो.

पत्ता योग्य दिसत असेल तर आधी गेटवेला, म्हणजे राउटरला, आणि मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे 'पिंग' या आज्ञेने छोटा संदेश पाठवून, उत्तर येते का ते पाहावे. आकड्यांच्या पत्त्यावरून उत्तर येते, पण संकेतस्थळाचे नाव दिल्यावर काहीच उघडत नाही, अशी स्थिती असेल तर लाइन चालू असून दोष बहुधा डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या, सेटिंगमध्ये असतो. (काही ठिकाणी पिंग मुद्दाम अडवलेले असते, त्यामुळे उत्तर आले नाही एवढ्यावरूनच निष्कर्ष काढू नये.) ब्राउझरमध्ये राहून गेलेले प्रॉक्सीचे (मध्यस्थ संगणकामार्फत नेट वापरण्याचे) जुने सेटिंग किंवा संगणकाचे चुकलेले घड्याळ यांमुळेही संकेतस्थळे उघडत नाहीत.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे जादा राउटर. वाय-फाय कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून कपाटातला जुना राउटर काढला जातो आणि त्याच्या लॅन पोर्टात (कार्यालयातील संगणकांसाठीच्या खाचेत) केबल खोचून तो स्विचला जोडला जातो. त्याची डीएचसीपी, म्हणजे संगणकांना पत्ते वाटणारी, सेवा चालूच असल्यामुळे आता पत्ते वाटणारे दोघे होतात. ज्या संगणकाला या जादा राउटरकडून पत्ता मिळतो, तो त्यालाच गेटवे मानतो. पण त्या राउटरला बाहेरची लाइन जोडलेलीच नसते. आधीच चालू असलेले संगणक जुन्या पत्त्यावर बिनतक्रार चालतात, सकाळी सुरू केलेले काही अडतात, आणि कोणाचे नेट केव्हा जाईल याचा नेम राहत नाही. इथे मुख्य राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग शून्य. चालणाऱ्या आणि अडलेल्या संगणकांवरील गेटवेचे पत्ते शेजारी शेजारी लिहून पाहिले की फरक बहुतेकदा लगेच ध्यानात येतो. अशा वेळी जादा राउटरमधील डीएचसीपी बंद करावी, त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतला, पण वाटपाबाहेरचा आणि इतर कोणी न वापरलेला पत्ता द्यावा आणि अडलेले संगणक पुन्हा सुरू करावेत.

या तपासण्यांना तज्ज्ञ लागत नाही. कार्यालयाची मूळ माहिती मात्र हाताशी लागते, आणि तीच सहसा कोणाकडे नसते. त्यामुळे सेवा पुरवठादारांनी जोडणी देतानाच राउटरचा पत्ता, डीएचसीपीच्या वाटपाची मर्यादा, डीएनएसचे पत्ते आणि प्रिंटरसारख्या उपकरणांना कायमचे दिलेले पत्ते एका कागदावर लिहून द्यावेत, आणि राउटरचा पासवर्ड बंद पाकिटात कार्यालयप्रमुखांच्या हवाली करावा, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करीत आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक