शटर

कोल्हापूर,
दि. १८ ऑगस्ट २०२४

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही याची लाज आहेच. पण आजचे पत्र त्या लाजेपोटी नाही. नानाला फुप्फुसाचा कर्करोग निघाला. गळ्यात माळ असलेला माणूस, विडीला कधी शिवला नाही. दवाखान्यात सोबत मीच होतो. केसपेपरवर 'तंबाखू – नाही' असे लिहून झाले आणि व्यवसायापुढे नुसते 'नोकरी'. न राहवून मी म्हणालो, "साहेब, एकतीस वर्षे डिझेल इंजिनांवर, बंद शेडमध्ये, एवढे तरी लिहा." डॉक्टरांनी मान वर करून विचारले, "बंद का?" मी गप्प बसलो.

१९९६ चा पावसाळा आठवून बघ. शेजारच्या चाळीने धुराची तक्रार केली, मालक माझ्यावर खेकसले, आणि फोरमनकीच्या नव्या तोऱ्यात मी फर्मावले की इंजिन टेस्टिंगला घेतले की शटर पाडायचे. पंपाचे सेटिंग करताना गाडी रेस केली की हातातला पाना दिसेनासा होई. तू सायलेन्सरला जोडून धूर बाहेर काढायला नळी मागितलीस, भिंतीत पंखा मागितलास. मी म्हणालो, हे गॅरेज आहे, मंगल कार्यालय नव्हे. तीन आठवडे आपला अबोला होता. तू वहिनींचा रुमाल नाकाला बांधू लागलास तेव्हा सगळी शेड तुला 'नवरी' म्हणू लागली. ते नावही मीच ठेवले होते. (तसल्या रुमालाने तो धूर अडत नाही, त्यातले बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात, असे आता वाचले. म्हणजे त्या भांडणात तुझेही सगळेच खरे नव्हते, एवढे तरी मला असू दे.)

गेले दोन आठवडे मी हेच वाचतो आहे. आपण १९८८ साली कामाला लागलो, आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर 'बहुधा कर्ककारक' ठरवला होता. २०१२ च्या जूनमध्ये त्यातले 'बहुधा' गेले. त्याआधी अमेरिकेत आठ खाणींतल्या १२,३१५ कामगारांचा अभ्यास झाला होता. या खाणी धातूंच्या नव्हत्या, मीठ, पोटॅश, चुनखडी असल्या होत्या, म्हणजे दोष दुसऱ्या कशावर ढकलण्याची सोय कमी. विडी-सिगारेटचा हिशेब वेगळा काढूनही, सर्वाधिक धुरात राहिलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याचा धोका सर्वांत कमी धुरातल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. खाण म्हणजे तरी काय, दत्ता? शटर पाडलेली शेडच. संध्याकाळी आपण साबणाने काजळी घासत होतो आणि शिंकरल्यावर काळे आले की हसत होतो. नाकातले निदान बाहेर तरी पडत होते.

डॉक्टरांना मी शेवटी सरळच विचारले. ते म्हणाले, असले आकडे हजारो माणसांबद्दल बोलतात. नानाला कशामुळे झाले हे त्यांवरून ठरवता येत नाही. घरी येताना हे वाक्य मी दिलाशासारखे घोळवत होतो, तोच कोपऱ्यावर एक जुना ट्रक सुरू झाला आणि मी नाक दाबून भिंतीला चिकटलो. नानाला कोणी अशी भिंत दिली नाही. मालक पैसे देत नव्हते हे खरे, पण मी मागितले होते कुठे? नळी फार तर एका नोझलच्या दुरुस्तीएवढ्या पैशात आली असती.

माझी प्रकृती ठीक आहे, रक्तदाब गोळीवर आहे, छातीचा फोटो स्वच्छ आला. तूही काढून घे, टाळाटाळ करू नकोस. धाकटीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला. अहेर उधार राहिला.

नाना तुझी आठवण काढतो. परवा म्हणाला, "नवरीला बोलाव, एकदा बघायची आहे," आणि हसता हसता त्याला असा खोकला लागला की मला बाहेर जावे लागले. शटरचे मी त्याच्यापाशी काही बोललेलो नाही. त्यालाही आठवत असेलच. तो मात्र चकार शब्द काढत नाही. रविवारी ये, आणि आलास की आधी माझ्याकडे उतर. त्याच्याकडे आपण दोघे मिळूनच जाऊ, एकट्याने सांगायला मला जमणार नाही.

तुझा,
बाळू